मेजरला सांग

बसव्वाच्या चुलीवर सकाळी पहिलं भांडं चढायचं ते घोड्याचं. नवऱ्याचा चहा नंतर, तिचा स्वतःचा त्याहून नंतर. मोठ्या पितळी पातेल्यात जव शिजत घालायचे, त्यात दोन मुठी जवस, मिठाचा खडा, आणि उतरवताना गुळाचा एक खडा. जव, जवस आणि मीठ सरकारचं. गुळाचा खडा बसव्वाचा. तो कुठल्याच कागदात नव्हता. पंचाक्षरीला, तिच्या नवऱ्याला, तो ठाऊक होता, पण त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, "एवढ्या लांबनं आलाय बिचारा. त्याला कोन हाय हितं?"

सोलापूर संपून होटगीचा रस्ता सुरू होतो तिथं डाव्या हाताला सरकारी घोडेखाना होता. नाव मोठं, घोडा एकच. उंच भिंतीचं आवार, आवाराच्या मधोमध घोडी बांधायचा लाकडी आडणा, एका अंगाला तबेला, दुसऱ्या अंगाला कडब्याची गंजी आणि घोड्याची निगा ठेवणाऱ्या मोतद्दारासाठी दोन खोल्या. मोतद्दार पंचाक्षरी, त्याची बायको बसव्वा, आणि लग्न होऊन जाईपर्यंत त्यांची एकुलती एक लेक सुंदरम्मा, एवढीच त्या घोड्याची माणसं.

घोड्याचं नाव मेजर. तो विलायतेतून आला होता. सोलापूरच्या स्टेशनात मालगाडीच्या डब्यातून उतरला त्या दिवशी हमाल हातातली ओझी खाली ठेवून बघत राहिले होते. टांग्याची दोन तट्टं शेजारी उभी केली तरी त्याची छाती त्यांच्याहून रुंद भरली असती. रंग काळसर तांबडा, कपाळावर पांढरा पट्टा, आणि चारी खुरांवर पांढऱ्या केसांचे असे झुपके की चालताना कापूस तुडवत चाललाय असं वाटावं. त्याच्यापासून इथल्या घोड्यांना जड हाडांची शिंगरं व्हावीत, ती पुढं तोफा ओढतील, मालाच्या गाड्या ओढतील, असा सरकारचा बेत होता. कुणी किती तोफा ओढल्या ते बसव्वाला कधी कळलं नाही. तिला एवढंच कळायचं की होळी झाली की हा थंड मुलखातला जीव नाकपुड्या फुलवून धापा टाकायला लागतो. मग ती विहिरीचं पाणी शेंदून पोती भिजवायची आणि त्याच्या पाठीवर टाकायची. दिवसातून सहा वेळा. पोतं पाठीवर पडलं की मेजर मान वळवून तिच्या पदराला हुंगायचा.

पंचाक्षरीचा बाप कडब्याचा व्यापारी. घोडेखान्यात कडबा त्याचाच यायचा. एकदा गाडीबरोबर पोरगा आला, घोड्याजवळ गेला आणि तिथलाच झाला. लिंगायत जातभाईंनी तोंड सोडलं. "गळ्यात लिंग आणि हातात लिदीची पाटी," असं देवळाच्या पायरीवर बसून त्याच्या देखत म्हणायचे. पंचाक्षरी ऐकून घ्यायचा. तो बोलायला कमी, हाताला स्वच्छ आणि एका बाबतीत दगड. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय आलेली घोडी त्यानं आवारात घेतली नाही. दर मंगळवारी गंगाधरपंत डॉक्टर कचेरीत बसून घोड्या तपासायचे, रोग नसेल तर चिठ्ठी द्यायचे. अकरा वर्षांत बिनचिठ्ठीची एक घोडी आत आली नव्हती. एका जहागीरदाराची आली होती, तीही दारातनं परत गेली. जहागीरदाराच्या माणसानं शिव्या दिल्या तेव्हा पंचाक्षरी म्हणाला होता, "शिव्या मला घाला. घोडा माजा न्हाय."

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की घोड्या यायला लागायच्या, त्या उन्हाळा कडक होईपर्यंत. त्या दिवसांत घोडी आडण्याला बांधली की बसव्वा खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. नुसती बसायची नाही, भांडी घासायला काढायची आणि ती मुद्दाम आपटायची. बाहेरचं काही कानावर येऊ नये आणि बाहेरच्यांनाही कळावं की बाई आपल्या कामात आहे. थोड्या वेळानं पंचाक्षरीची हाक यायची, "बसव्वा, लाल पानी!" चुलीवर पाणी तापलेलंच असायचं. त्यात ती कागदाच्या पुडीतलं जांभळं औषध चिमूटभर टाकायची, पाणी लाल व्हायचं, बादली उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि दार पुन्हा लावायची. अकरा वर्षं ती हे पाणी करत आली. त्याचं पुढं काय होतं ते तिनं कधी पाहिलं नाही की विचारलं नाही. असल्या गोष्टी बाईमाणसानं नवऱ्यालाही विचारू नयेत, अशी तिची समजूत.

सुंदरम्मा चौदाची झाली आणि स्थळं पाहायला सुरुवात झाली तेव्हा लिदीची पाटी आडवी यायला लागली. माणसं यायची, मुलगी पाहायची, घरी गेल्यावर निरोप पाठवायची की पत्रिका जमत नाही. लिंगायतात कोण एवढी पत्रिका बघतं, हे बसव्वाला कळत होतं. मग होटगीचा संगप्पा आला. होटगी जंक्शनातून आजूबाजूच्या गावांना माल पोहोचवायच्या त्याच्या गाड्या होत्या, सहा-सात घोडी होती, चिरेबंदी घर होतं. तो आपल्या मुलासाठी स्वतःहून आला. मुलगी पाहायला आलेला हा माणूस मुलीकडं एकदा बघून तबेल्यात शिरला आणि मेजरच्या पायांची हाडं दोन्ही हातांनी चाचपत तासभर बसला. बसव्वाला तेव्हा हसू आलं होतं.

व्याह्याशी, त्यांच्या बोलीत बीगराशी, बसव्वा तोंडावर बोलत नसे. ती रीतच. पण घरात दुसरं कुणी नसेल तर पाहुण्याला पाणी तरी कसं विचारायचं? त्यावर तिनं आपल्यापुरता मार्ग काढला होता. तबेल्याची खिडकी तिच्या दाराच्या समोरच होती. ती दाराआड उभी राहून म्हणायची, "मेजर, बीगरांना इचार, ताक घेनार का."

पहिल्याच वेळी संगप्पा मोठ्यानं हसला होता. "मेजर, मालकिनीला सांग, ताकाला न्हाय म्हननारा मानूस होटगीत जलमला न्हाय."

तेव्हापासून दोन वर्षं त्यांचं बोलणं असंच चाललं होतं. मेजर खिडकीतनं तोंड काढून चघळत असायचा.

लेक सासरी गेली. पंचमीला आली तेव्हा मनगटं बारीक झाली होती. निघायच्या दिवशी केस विंचरताना एवढंच म्हणाली, "अव्वा, सासूबाई माज्या हातची भाकरी खात न्हाईत. वास येतो म्हनतात." कसला वास ते दोघींनाही ठाऊक होतं. बसव्वानं वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

माघ संपत आला होता. शुक्रवार होता आणि महिन्याची पहिली तारीख. पहिल्या तारखेला पंचाक्षरी हजेरीच्या सहीसाठी कचेरीत जायचा आणि दुपार टळल्यावर यायचा. गिरणीचा अकराचा भोंगा झाला आणि आवाराच्या फाटकाशी खुरांचा आवाज आला. संगप्पा एकटाच होता. हातात एका तांबड्या घोडीचा लगाम, घोडीच्या कपाळावर चांदणी, डावा कान फाटलेला. होटगीपासून चालत आणली होती.

बसव्वानं पदर पुढं ओढला आणि दाराआड झाली. "मेजर, बीगर आले बग. सावलीला बसा म्हनावं. घरातले कचेरीत गेल्यात. उन्हं कलल्यावर येतील."

संगप्पानं फेट्याच्या सोग्यानं मान पुसली. "मेजर, मालकिनीला सांग, मी थांबीन. घोडी बी थांबंल. तिचा माज थांबायचा न्हाय. परवाधरनं माजावर हाय, आज हुकलं की गेलं."

"चिठ्ठी हाय का इचार. डागदरची."

"डागदर बसतो मंगळवारी. आज शुक्कीरवार. मंगळवार बघून माजावर यावं, असं आमच्या घोडीला कुनी शिकवलं न्हाय."

बसव्वाला दाराआड हसू फुटलं आणि लगेच विझलं. तिला कळलं की हा थट्टा करत करत कुठं चाललाय.

"मालकांनी जहागीरदाराची घोडी परत धाडली व्हती, मेजर. सांग त्यांना."

"जहागीरदार परका. मी परका हाय व्हय?" संगप्पानं हातातलं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला. "मंगळवारी चिठ्ठी आनून देतो. कागद असल्याशी मतलब. ह्ये सुंदरानं दिलंय. दिस उगवायच्या आत चुलीपुढं बसली व्हती. पोर गुनाची हाय. घरात बायका काय बाय बोलतात, मी बोलत न्हाय. मी तिच्या सासूला, कमलम्माला म्हनतो, असूं दे, लिदीतली असली तरी आपल्या उपयोगाची मानसं हायत ती. आपल्याला कदी न्हाय म्हननार न्हाईत."

तो हे मेजरलाच सांगत होता. आवाज चढवला नव्हता, भुवई उचलली नव्हती. घोडीच्या आयाळीतलं कुसळ काढत काढत बोलला.

बसव्वानं गाठोडं आत ओढलं. शेंगाच्या पोळ्या होत्या. सारण कडेपर्यंत गेलेलं, तिनंच शिकवलं होतं तसं. तिसरी पोळी एका अंगाला जळली होती. सुंदरम्माच्या हातून पोळी जळत नसे. आठ वर्षांची असल्यापासून जळली नव्हती. बसव्वा त्या काळ्या डागाकडं बघत राहिली. कुणीतरी हाक मारली असेल, कुणीतरी काही बोललं असेल, पोरीची मान तव्यावरून वळली असेल. आज घोडी तशीच परत गेली तर संध्याकाळी होटगीच्या त्या चुलीपुढं काय काय होईल, ते तिला त्या डागात दिसायला लागलं.

तबेल्याची किल्ली कोनाड्यात विभूतीच्या डबीशेजारी होती. तिनं ती घेतली.

मेजर परक्याच्या हाती तबेल्यातनं निघायचा नाही. तिनं जिभेनं टक् केलं की यायचा. ती पदर तोंडावर धरून पुढं, मागं तो डोंगराएवढा घोडा. अंगणात मधोमध येईपर्यंत त्याला घोडीचा वास आला आणि दोरी तिच्या हातात ताठ झाली. तिनं दोरीचं टोक संगप्पाकडं फेकलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आपटायला भांडी नव्हती. भिंतीतले दगड तिनं एकेक करून बघितले. एका फटीत मुंग्या पांढरी अंडी घेऊन चालल्या होत्या. ती सिद्धेश्वराचं नाव घेत होती. का घेत होती, तिलाच सांगता आलं नसतं.

"झालं. धरा," संगप्पा म्हणाला. हे त्यानं मेजरला नाही, तिलाच म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

परत नेताना मेजर आडण्याजवळच्या फरशीवर थांबला. पाय रोवून उभा राहिला. "चल की," ती म्हणाली. तो हलेना. मान खाली घालून, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. तिनं टक् केलं, दोरी ओढली, कानाशी जाऊन समजूत घातली. "चल रं राजा, मालक यायची येळ झाली. काय हाय हितं तुजं?" शेवटी तिनं घरातून गुळाचा खडा आणला आणि तो दाखवत दाखवत त्याला फरशीवरून हलवलं. आत जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

पंचाक्षरी आला तेव्हा अंगण झाडलेलं होतं.

"पोळ्या कुनी आनल्या?"

"बीगर आले हुते. गावात काम हुतं त्यांचं."

तो दोन पोळ्या जेवला. तिसरी उलटीसुलटी करून म्हणाला, "सुंदरानं जाळली की." आणि तीही खाल्ली. मंगळवारी चिठ्ठी आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. बसव्वानं वाट पाहणं सोडून दिलं, कारण चिठ्ठी आली असती तरी ती नवऱ्याच्या हाती द्यायची कशी, याचा तिनं विचारच केला नव्हता.

होळी होऊन गेली. पोती भिजवायचे दिवस आले. एका सकाळी पोतं टाकताना तिला मेजरच्या कुशीवर बंद्या रुपयाएवढा एक फुगीर चट्टा दिसला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता, मानेवर दोन होते. उन्हाचे असतील. चौथ्या दिवशी पातेल्यात जवाचं आंबोण उरलं, तळाचा गूळसुद्धा. त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. पंचाक्षरीनं घोड्याला अंगणात फिरवून बघितलं. मागचा उजवा पाय फरफटत होता, धुळीत मागं रेघ उमटत होती. सूजही होती, तिकडं बसव्वानं पाहिलं नाही. पंचाक्षरी डोक्याला फेटा गुंडाळून कचेरीकडं निघाला.

गंगाधरपंत आले. कोट काढून घोड्याभोवती दोनदा फिरले, चट्ट्यात सुई घालून काचेच्या नळीत काहीतरी घेतलं आणि ते बाहेरगावी तपासायला पाठवलं. उत्तर यायला पंधरा दिवस लागले. उत्तर हातात घेऊन ते पुन्हा आले, तेव्हा खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"पंचाक्षरी, हा रोग वाऱ्यानं येत नाही. घोडीकडून घोड्याला येतो, घोड्याकडून घोडीला. माणसातल्या गरमीच्या रोगासारखा. यंदा कागदावर अकरा घोड्या आहेत. अकराही मी तपासल्यात, काल पुन्हा बघितल्या. त्यातल्या शेवटच्या तिघींना आता ह्याच्यापासून लागलाय. ह्याला कुणी दिला? बारावी कुठली?"

"बारावी न्हाय, सायेब."

"असल्याशिवाय हे होत नाही. काय घेतलंस तिच्या मालकाकडून?"

अकरा वर्षांत पंचाक्षरीला असं कुणी बोललं नव्हतं. "सायेब, मी एक शेंग घेतली न्हाय कुनाची. बिनचिठ्ठीची घोडी ह्या फाटकातनं आत आली न्हाय. लिंगावर हात ठेवून सांगतो." आणि त्याचा हात गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं गेला.

बसव्वा दाराआड होती. गेले पंधरा दिवस ती मनाशी एकच हिशोब मांडत होती. बोललं तर लेकीचा संसार, गप्प राहिलं तर नवऱ्याचं नाव. रोज तिचं उत्तर एकच येत होतं, गप्प राहायचं. नवरा आपलाच आहे, सोसेल. पण तो खोटी शपथ घेईल, खरी आहे असं समजून, हातात लिंग धरून, हे तिच्या हिशोबात नव्हतं. चांदीच्या डबीचं झाकण उघडल्याचा बारीक आवाज तिला ऐकू आला.

"मेजर," ती मोठ्यानं म्हणाली.

अंगणातले दोघेही वळले. मेजरनं खिडकीतनं जड मान वर केली.

"मेजर, मालकांना सांग, लिंगाला हात लावू नका म्हनावं. डागदरसायबांना सांग, घोडी आली हुती. पैल्या तारखेला, मालक न्हवते तवा. होटगीची, संगप्पा बीगरांची. तांबडी. तुला मीच काढला हुता बाहेर. सांग त्यांना, मालकांना ठावं न्हाय."

"बाई, घोड्याशी काय बोलताय? इकडं या, माझ्याशी बोला," गंगाधरपंत म्हणाले. मग एकदम थांबले. "तांबडी? कपाळावर चांदणी, डावा कान फाटलेला?"

"व्हय म्हनावं, मेजर."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "तिला पौषातच मी परत पाठवली होती. लक्षणं बरी नव्हती. दोन महिने कुठंही दाखवू नकोस, म्हणून त्या माणसाला बजावलं होतं." ते दाराच्या दिशेनं वळले. "निदान नंतर धुतला होता का घोडा? लाल पाण्यानं?"

दाराची फट आणखी बारीक झाली.

"बाई, ती लाल पाण्याची बादली कशासाठी असते? धुतलं असतं तर वाचलाच असता असं नाही मी म्हणत. वाचलाही नसता. पण धुतला का?"

तेव्हा बसव्वाच्या डोळ्यांसमोर आडण्याजवळची ती फरशी आली. पाय रोवून, मान खाली घालून उभा राहिलेला मेजर आला. अकरा वर्षं जिथं त्याला धुतलं जात होतं तिथं तो उभा होता, वाट बघत. आणि तिनं त्याला गूळ दाखवून तिथून हलवला होता.

पंचाक्षरीनं डबीचं झाकण लावलं. बायकोकडं त्यानं पाहिलं नाही. "सायेब, कामाला लावू नका त्याला. नुसता बांधून ठेवू. मी सांभाळीन."

"मागचे पाय निकामी होत चाललेत त्याचे. आणि असल्या घोड्याला गोळी घालायचा कायदा आहे रे," गंगाधरपंत म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुझीही नोकरी राहील असं दिसत नाही. किल्ली तुझ्या ताब्यात होती. घरच्या माणसानं उघडलं हे वर कुणी ऐकणार नाही."

सोमवारी सकाळी माळावर न्यायचं ठरलं. बसव्वानं आंबोण शिजवलं. त्या दिवशी तिनं गुळाचा खडा मोजला नाही, ढेपेचा उरलेला तुकडा सगळाच टाकला. आठ-पंधरा दिवस तोंड फिरवणाऱ्या मेजरनं ते सगळं खाल्लं आणि पातेलं चाटून स्वच्छ केलं. तिनं त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकलं. पंचाक्षरीनं ते काढून बाजूला ठेवलं आणि दोरी सोडली. तो टक् करून बघत होता, घोडा येत नव्हता. शेवटी तिलाच करावं लागलं. दोनदा आवाज फुटला नाही, तिसऱ्यांदा फुटला. मेजर निघाला. फाटकापर्यंत धुळीत एक रेघ गेली.

मग तिनं दार लावलं आणि होती नव्हती ती सगळी भांडी काढून घासायला बसली. पातेलं, घागरी, तवा, जोरजोरात आपटत. आवाज आला तो तरीही आलाच.

होटगीला त्याच आठवड्यात सरकारी माणसं गेली आणि संगप्पाची घोडी सगळ्या गावासमोर नेऊन मारली. त्याच्या आणखी दोन घोड्या बांधून ठेवल्या. चौथ्या दिवशी घोडेखान्याच्या फाटकाशी एक बैलगाडी थांबली. गाडीवानानं आधी पत्र्याची पेटी उतरवली, मग सुंदरम्मा उतरली. गाडीवान खाली बघत म्हणाला, "मालकांचा निरोप हाय. म्हनले, आमची घोडी तुमी नेली, तुमची पोरगी तुमी ठेवा." आणि गाडी वळवली. दोन्ही घरची कुणी मोठी माणसं बसून बोलली नाहीत. बोलायला पंचाक्षरीकडून कोण जाणार होतं? देवळाच्या पायरीवर आता घोड्याच्या गरमीची गोष्ट रंगली होती.

चुलीपुढं बसल्यावर सुंदरम्मा म्हणाली, "अव्वा, मामंजींनी मला इचारलं हुतं, अप्पा घरी कवा नसतात. मी सांगितलं, पैल्या तारखेला. मला वाटलं, असंच इचारत्यात." मग म्हणाली, "पोळ्या न्हेतो म्हनले, म्हनून मला लई बरं वाटलं हुतं."

बसव्वानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ती जळली कशी?"

"कुटली?"

"एक पोळी जळली हुती."

सुंदरम्मानं आठवून पाहिलं. "पीठ संपत आलं हुतं. शेवटची पातळ झाली, म्हनून करपली. का?"

बसव्वानं लाकूड पुन्हा आत सारलं. मग म्हणाली, "ह्ये अप्पांना सांगू नको."

घोडेखान्याच्या खोल्या सोडाव्या लागल्या. विणकरांच्या पेठेत त्यांना एक खोली मिळाली. चारी बाजूंनी मागांचा खटखटाट, शेजारणी तेलुगूत बोलणाऱ्या. तबेला नव्हता, खिडकी नव्हती, दारासमोर दुसऱ्याची भिंत. पंचाक्षरीला सुताच्या गठ्ठ्यांची हातगाडी ओढायचं काम मिळालं. सकाळी जायचा, संध्याकाळी खांद्यावर दोरीचा वळ घेऊन यायचा. अंगणातल्या त्या दिवसापासून तो बसव्वाशी एक शब्द बोलला नव्हता. रागावून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. लेकीशी बोलायचा, तेही कामापुरतं.

आषाढातल्या एका संध्याकाळी सुंदरम्मा शेजारणीकडं गेली होती. पंचाक्षरी आला, उंबऱ्यात बसला. पाय चिखलानं भरले होते. खोलीत ती दोघंच. त्यानं समोरच्या भिंतीकडं पाहिलं. त्या भिंतीवर खुंटीसुद्धा नव्हती.

"मेजर," तो म्हणाला, "तिला सांग, पाय धुवायला पानी पायजे."

बसव्वाचा हात चुलीवरच्या तपेल्याशी थबकला. तिनं पदर डोक्यावर ओढला, जसा व्याह्यासमोर ओढत असे. "मेजर," तिनं त्याच भिंतीला विचारलं, "गरम का गार, इचार त्यांना."

"गार चालंल म्हनावं."

तिनं तांब्या भरून उंबऱ्यात ठेवला आणि मागं सरली. त्यानं पाय धुतले.

त्यानंतर पंचाक्षरी चौदा वर्षं जगला. त्या खोलीत मेजरशी दोघंही रोज बोलत.